चांदणी सेलचे विक्रेते

मामंजींनी पळसाच्या पानांचा भारा आणून सोप्यात टाकला, तेव्हा मी रेडिओचे सेल चुलीच्या वैलावर शेकत होते.

"काय चाललंय गं?" त्यांनी विचारलं.

"सेल शेकतीय. गरम केलं की घटकाभर तरी चालत्यात."

"आता कशाला? उद्या अमुशा. जोशीबुवा पांढरवाडीचा पुतळा उरकून मग आपल्याकडं यायचं हायती."

अमुशा उद्या आहे हे मला कुणी सांगायला नको होतं. अख्खा पितृपंधरवडा माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. उद्या जोशीबुवा येणार, त्या पळसाच्या देठांचा माणसाएवढा पुतळा बांधणार, डोक्याच्या जागी नारळ ठेवणार, आणि मामंजी ओढ्याकाठी त्याला अग्नी देणार. पुतळा जळला की माझा नवरा मेला. मग बायका माझ्या बांगड्या फोडणार आणि कपाळ पुसणार. मी विशीतली पोर. लेकरू नव्हतं. माहेरी भाऊ होता, पण भावजय कशी होती ते मला ठाऊक होतं.

आता माझी सत्तरी उलटली. काल काय जेवले ते आठवत नाही, पण त्या हिरव्या पळसाचा वास अजून नाकात आहे.

नीट सांगते. आमचे मालक पलटणीत होते. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली आणि संपलीही. गावानं साखर वाटली, आम्हीही वाटली. संक्रांतीच्या तोंडाला तार आली. शाळेच्या मास्तरांनी ती वाचली, परत एकदा वाचली, मग म्हणाले, "बेपत्ता."

"म्हंजे काय वो मास्तर?" आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे सापडत नाहीत."

"आवं, मग शोधा की!"

मास्तर तार खुंटीला लावून निघून गेले.

मालकांचं नाव मी अजून घेतलेलं नाही, तुमच्या ध्यानात आलं असेल. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेही नणंदांनी दार अडवलं म्हणून, आणि इतक्या हळू की त्या म्हणाल्या, हिनं घेतलंच नाही, परत घ्यायला लावा. मी लाजून आत पळाले होते.

शेवटच्या सुट्टीला आले तेव्हा त्यांनी एक ट्रान्झिस्टर आणला होता. कातडी पिशवीतला, चार सेलांचा. गावातल्या एका पेन्शनीतल्या हवालदारांनी सांगितलं, दिवेलागणीनंतर लाहोरचं स्टेशन लावा, तिकडं कैद्यांची नावं सांगतात. झालं. पहिले काही दिवस निम्मं गाव आमच्या सोप्यात. मग एकेक जण कमी होत गेला आणि आम्ही तिघंच उरलो. मामंजी घोंगड्यावर, आत्याबाई खांबाला टेकून, आणि मी दाराआड. तिकडचा माणूस उर्दूत बोलायचा. जिल्हा, गाव, नाव, बापाचं नाव, आणि कधी दोन शब्दांची खुशाली. बाकीचं कळत नसे, पण नाव कळतं की हो कुठल्याही भाषेत. रोज सांजेला माझा जीव टांगणीला लागायचा, आणि स्टेशन बंद झालं की मी भाकरी थापायला बसायची. त्या भाकरी कधी फुगल्या नाहीत.

त्यात सेल संपले. आणि ते दुष्काळाचं साल, बहात्तरचं. आभाळाकडं बघून मान दुखली, पाऊस नाही. घरात ज्वारी जपून जपून दळायची, तिथं नवे सेल कुठले? मी जुने उन्हात वाळवायची, चुलीवर शेकायची. दोन सांजा चालायचे, मग आवाज विहिरीत गेल्यासारखा खोल जायचा.

उन्हाळ्याच्या आधी वडूजला एक कार्यक्रम झाला. चांदणी सेलची कंपनी जवानांच्या घरी सेल आणि टॉर्च वाटणार होती. हारतुरे, मांडव, सगळं. मामंजी मोठ्या आशेनं चालत गेले आणि रिकाम्या हातानं परत आले.

"काय झालं?" आत्याबाईंनी विचारलं.

"ज्यांची पोरं गेली त्यांच्यासाठी हाय म्हनं. न्हाईतर जखमींसाठी. बेपत्तांचं काय लिवलेलं न्हाई." त्यांनी पटका काढून गुडघ्यावर ठेवला. "तिथला माणूस चांगला हुता. मला म्हनला, बाबा, गेला म्हनून अंगठा करा, मी देतो तुमाला."

"मग?"

"मग काय! चार सेलांसाठी पोराला मारू व्हय मी?"

असं म्हणणारे मामंजी. तेच आता पळस घेऊन आले होते.

वडूजचा तो चांगला माणूस म्हणजे मुलाणीभाऊ. कंपनीच्या निळ्या गाडीवर होते; स्वतःच गाडी चालवायचे, बाजाराच्या गावी भोंगा लावून माल विकायचे. मामंजी अंगठा न देता उठून गेले हे त्यांच्या मनाला लागलं असावं. पुढच्या बाजारी ते आमच्या दारात हजर.

"आबा, भिंत द्याल का?"

"कसली भिंत?"

"तुमचीच. ही रस्त्याकडची. कंपनीला जाहिरात रंगवायची आहे. भाडं म्हणून दर बाजाराला चार सेल. रोकड मिळायची नाही, आधीच सांगतो."

मामंजींनी त्यांच्याकडं रोखून पाहिलं. "ह्ये दान न्हाई न्हवं?"

"दान कसलं आलंय! तुमची भिंत अडकते की."

"मग रंगवा."

"पण एक गोची आहे. भिंत फक्त विक्रेत्याची रंगवता येते, तसा नियम आहे. खाली विक्रेत्याचं नाव लागतं. कुणाचं घालू?"

मामंजी बोलायच्या आत आत्याबाईंनी आतून आपल्या पोराचं नाव सांगितलं. संबंध नाव, बापाच्या नावासकट, खणखणीत.

मुलाणीभाऊ गडबडले. "मावशी, पण ते तर…"

"त्यो येईस्तवर ही चालवंल," आत्याबाई माझ्याकडं बोट करून म्हणाल्या. "चौथी शिकलीया."

साताऱ्याच्या डेपोत गद्रे म्हणून साहेब होते. मी त्यांना जन्मात पाहिलं नाही. मुलाणीभाऊंनी त्यांना खरं काय ते सगळं सांगितलं. ते म्हणाले म्हणे, बेपत्ता माणूस विक्रेता असू नये असा नियम कुठं लिहिलाय ते मला दाखवा. आणि कागदावर सही केली.

अशी आमची भिंत लाल झाली. वर पांढरी चांदणी, मध्ये 'चांदणी सेल, उजेडाची खात्री', त्याच्या खाली 'विक्रेते', आणि त्याच्याही खाली हातभर अक्षरांत मालकांचं नाव. मी पाण्याला निघाले की त्या नावाखालून जावं लागे. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढायची. बायका हसायच्या. "अगं, भित्ताड हाय ते!" हसा म्हटलं. मला बरं वाटायचं. सासऱ्यासमोरून जाताना जसा पदर घ्यावा तसा मी नवऱ्यासमोरून घेत होते, आणि नवरा बेपत्ता असलेल्या किती बायकांना ते मिळतं?

आणि गंमत बघा, लोक खरंच सेल घ्यायला येऊ लागले. मुलाणीभाऊ थोडा माल ठेवून जायचे. कुणी परगावचा विचारायचा, "मालक कुठायत?" मी म्हणायची, "भायेर गेल्यात." खोटं कुठं होतं ते?

पण पावसाळा कोरडा गेला तसे बाजारही भरेनात. गाडी येईना. माल संपला, भाड्याचे सेल संपले. आणि मामंजींना खोकल्यानं धरलं. रात्र रात्र बसून काढायचे. भादवा लागला तसे एक दिवस म्हणाले, "माझं काय खरं न्हाई. मी हाय तंवर पोराला वाट दिली पायजे. मी गेल्यावर त्येला अग्नी कोण दील? कुठं कुठं भटकत ऱ्हाईल त्यो." आणि रडायला लागले. म्हातारा माणूस, ओक्साबोक्शी. मामंजी वाईट असते तर मी भांडले असते. ते वाईट नव्हते, तिथंच माझे हात बांधले गेले.

तर ती अमुशेच्या आदल्या दिवसाची सांज.

"मामंजी, आजची एक सांज ऐकू द्या," मी म्हटलं. "आज नाव न्हाई आलं तर उद्या मी तोंडातनं शब्द काढणार न्हाई. तुमी म्हनाल तसं बसंन."

ते घोंगडं ओढून बसले, म्हणजे हो.

शेकलेले सेल मी गरम गरमच घातले, बोटं भाजली. कान पिळला तर खरखर, मग लांबून कुणीतरी बोलल्यासारखं, आणि मग तेही गेलं. मी सेल काढले, चोळले, उलटसुलट करून घातले. काही नाही. मी त्या पेटीवर थाप मारली. "बोल की रं!" मी ओरडले. सासऱ्यासमोर आवाज चढवायची ती माझी पहिली वेळ. "एवढी एक सांज बोल, मग मर!"

"पोरी," मामंजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता."

मी जमिनीवर कपाळ टेकून रडत होते. तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला.

मुलाणीभाऊ धावतच आत आले. धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. हातात चार सेल, कागदात गुंडाळलेले. "लागलं का स्टेशन? संपलं तर नाही ना?"

"आज बाजार न्हाई, काय न्हाई, तुमी कसं?" आत्याबाईंनी विचारलं.

"जोशीबुवा भेटले होते वडूजला, त्यांनी उद्याचं सांगितलं. मी साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, दुसरी कामं टाक, गाडी घे आणि आज दिवेलागणीच्या आत पोच." त्यांनी सेल माझ्यापुढं धरले. "घ्या वहिनी. घाला पटकन."

घाईत मी ते दोनदा उलटे घातले. मग आवाज आला. इतका स्वच्छ की आत्याबाई दचकल्या. नावं चालू होती. पंजाबातली, कुठली कुठली. मुलाणीभाऊ उर्दू जाणत होते, ते कानामागं हात धरून बसले.

आणि मग तो माणूस म्हणाला, जिल्हा सातारा.

आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. गाव पांढरवाडी. निवृत्ती सखाराम ओंबासे. पुढं काहीतरी बोलला तो, मग आणखी एक-दोन नावं भलतीकडची, आणि बाजा वाजून स्टेशन बंद.

संपलं.

मी देवाला शिव्या घातल्या हो. खोटं कशाला सांगू? जिल्हा माझा, सांज माझी, सेल माझ्या भिंतीचे, आणि त्यावर दुसरीचा नवरा बोलून गेला. मला त्या न पाहिलेल्या बाईचा इतका राग आला की तिला ओरबाडावं वाटलं. मी तशीच बसून राहिले. उद्या, उद्या, एवढंच डोक्यात.

मुलाणीभाऊ म्हणाले, "खुशाली सांगितली त्यांनी. मी बरा आहे, आईनं घोर लावून घेऊ नये, आणि तांबड्या बैलाला विकू नका." मग थांबले. "पांढरवाडी… जोशीबुवा उद्या आधी कुठं जाणार म्हणाले होते?"

आम्ही सगळेच त्या पळसाच्या भाऱ्याकडं बघत होतो.

पहिले उठले ते मामंजी. भिंतीला धरून, खोकत. "मुलाणी, गाडी काढा."

"आबा, तुम्ही बसा, मी सांगून येतो."

"तुमी परके. तुमचं कोण ऐकंल? मी येतो. आन् सूनबाई, तूबी चल. तुज्या कानानं ऐकलंस तू."

मला जायचं नव्हतं. पण पदर खोचला आणि गाडीत बसले.

पांढरवाडीत ओंबाशांच्या दारात बायका जमल्या होत्या. मध्ये पाटावर एक माझ्याच वयाची बाई बसलेली. सकाळी पुतळा, म्हणून रातीच तिला न्हाऊ घातलं होतं, हिरवं लुगडं नेसवलं होतं, आणि कपाळभर मळवट भरला होता. बाईला शेवटचं सजवतात ना, तसं. ती कुणाकडं बघत नव्हती. शेजारी दारातच पळसाचा भारा, आमच्यासारखाच.

मामंजींनी हात जोडले. "थांबवा ह्ये. तुमचा पोरगा हाय. रेडिओवर नाव आलं."

तिचा चुलत सासरा पुढं झाला. त्यानं आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कुठला रेडिओ?"

"लाहोरचा."

"दुश्मनाच्या बोलण्यावर इस्वास ठिवायचा व्हय? आमी मनाची तयारी केलीया, पाव्हणं. आता ह्या पोरीला नादी लावू नका. परत एकदा मरंल ती."

मला त्याचं बोलणं पटलं. माझीही कुणीतरी अशी समजूत घालावी असं वाटलं. मग मुलाणीभाऊ म्हणाले, "काका, त्यांनी एक निरोप धाडलाय. तांबड्या बैलाला विकू नका म्हणून."

पाटावरची बाई हलली.

"काय म्हनला?"

"तांबडा बैल. विकू नका."

"अगं बया!" ती ताडकन उठली. "आवं, इकला की वो! परवाच इकला! वैरण न्हाई म्हनून मीच म्हनलं इका!" ती रडत होती आणि हसतही होती, आणि सासऱ्याला हलवून हलवून म्हणत होती, "आणा त्येला माघारी! तांबड्याला माघारी आणा! आता यील की वो, काय सांगू मी त्येला?"

मग सगळाच गोंधळ. कुणी रडतंय, कुणी देवाला हाका मारतंय, म्हातारी आई तर मुलाणीभाऊंच्या पायाच पडायला निघाली. मी एका बाजूला उभी. त्या बाईनं, कोंडाबाई तिचं नाव, मला शोधून काढलं. माझे दोन्ही हात धरले.

"तुमच्या रेडिओवर आलं?"

"व्हय."

"तुमचंबी हायती व्हय बेपत्ता?"

मी मान हलवली.

"त्यांचं नाव?"

"न्हाई आलं."

तिनं आपल्या मळवटावर बोट टेकवलं आणि ते कुंकू माझ्या कपाळाला लावलं, होतं त्याच्यावर. तेव्हा कुठं मी रडले. मघाचा राग कुठं गेला कोण जाणे.

सकाळी जोशीबुवा आले. मामंजींनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "आज न्हाई करत."

"अहो पण तिथी…"

"तिथी पांढरवाडीलाबी हुती." त्यांनी पळसाचा भारा उचलला आणि माळ्यावर टाकला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "सूनबाई, सेल काढून ठेव नीट. सांजेला लागतील."

ऐकलं आम्ही. रोज ऐकलं. पांढरवाडीचा माणूस जिवंत निघाला, मग आमचाही निघेल, का नाही निघणार? पलटण तीच, लढाई तीच. आत्याबाई मळ्यातल्या बायकांना सांगत सुटल्या, दिवाळीपर्यंत येतोय. मी तर नव्या बांगड्या भरल्या. मुलाणीभाऊ येत होते, सेल देत होते, जाताना भिंतीवरचं नाव फडक्यानं पुसून जात होते. तेवढे दोन महिने मी माणसासारखी जेवले.

मार्गशीर्षात कैदी सुटून आले. आमचं कुणी आलं नाही. तरी मी म्हणत होते, अजून आहेत तिकडं, मागनं सोडतील.

एक दिवस दुपारी एक माणूस भिंतीसमोर उभा दिसला. हडकलेला, डोक्यावर लोकरी टोपी. बराच वेळ भिंत वाचत होता. मी दारातनं विचारलं, "सेल पायजेत का?"

"ह्ये नाव…" तो म्हणाला.

"विक्रेते हायती. भायेर गेल्यात."

त्यानं टोपी काढली. "वैनी, मी पांढरवाडीचा ओंबासे."

त्यानं टोपी काढली तेव्हाच मला कळलं. बाकीचं मी दाराआड उभी राहून ऐकलं, जशी रेडिओ ऐकत असे.

"पहिल्याच राती," तो मामंजींना सांगत होता. "कालव्याच्या कडंला. आमी दोगंच मागं ऱ्हायलो हुतो. माज्या मांडीवर गेला, आबा. पाणी मागत हुता, माज्याकडं न्हवतं. उजाडायच्या आत मला त्यांनी धरलं. आपल्या माणसांना सांगायला मी न्हवतोच."

मामंजी नुसते हूं हूं करत होते.

"मला वाटलं, तुमाला कळलं आसंल. खुशाली लिवायला दिली तवा मी त्येचंबी लिवलं हुतं की. त्येचं नाव, गाव, आन् गेला म्हनून. आमच्या तांबड्याचं वाचलं त्यांनी आन् त्येवढं वाचलं न्हाई. काय म्हनून न्हाई वाचलं, कोण जाणं."

म्हणजे त्या सांजेला आमचंही नाव आलं होतं. लाहोरपर्यंत आलं होतं, त्या माणसाच्या हातातल्या कागदावर. त्यानं ते वाचलं असतं तर आम्ही तिथंच कोसळलो असतो, पांढरवाडीला गेलोच नसतो; तो आमच्या नावाआधी थांबला म्हणून कोंडाबाईचं कुंकू राहिलं आणि मला दोन महिने मिळाले.

निवृत्तीभाऊ रडत मामंजींच्या पायावर डोकं ठेवून म्हणाले, "तुमी त्या सांजेला आला नसता तर मी घरी आलो तवा माजी बायको पांढऱ्या कपाळानं दारात आली आसती." मामंजींनी त्यांना उठवलं. भाकरी खायला घातली. मी वाढली. कोंडाबाईनं माझ्यासाठी चोळीचा खण धाडला होता, तो मी घेतला.

पुढच्या अमुशेला मामंजी स्वतः माळ्यावर चढले आणि पळस खाली काढला. वाळून कुडकुडीत झाला होता. लगेच पेटला. बांगड्या मी माझ्या हातानं उतरवल्या, फोडू दिल्या नाहीत.

माघात मुलाणीभाऊ रंगाचे डबे घेऊन आले. उन्हानं लाल रंग विटला होता. त्यांना सगळं कळलेलं होतं. येऊन आधी सोप्यात बसले. मग चाचरत म्हणाले, "आबा, साहेबांचा निरोप आहे. भिंत तुमचीच राहील, सेल येत राहतील, मालही मिळेल. पण कंपनीला आता… विक्रेता हयात लागतो. नाव बदलावं लागेल. कुणाचं घालू? तुमचं?"

"मी काय आज हाय, उद्या न्हाई," मामंजी म्हणाले. "दुकान ती चालवती. तिचं घाला."

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला.

मुलाणीभाऊ बाहेर गेले, डबा उघडला, ब्रश बुडवला. मी उंबऱ्यात उभी होते. पूर्वी रांडाव बाई अशी रस्त्यावर उभी राहत नसे, पण मला कुणी आत जा म्हणालं नाही.

"वहिनी, संबंध नाव सांगा."

"हौसाबाई," मी म्हणाले.

"पुढं?"

पुढं काय ते त्यांना माहीत होतं. समोर भिंतीवर हातभर अक्षरांत होतं. पण ते थांबले, ब्रश तसाच धरून. त्यांनी वाचलं नाही, मामंजींनी सांगितलं नाही, आत्याबाईही बोलल्या नाहीत. सगळे माझ्याकडं बघत होते.

"ज्ञानदेव," मी म्हणाले.

आवाज फुटला नाही नीट. लग्नातल्यासारखंच झालं. मी परत घेतलं, या खेपेला मोठ्यानं, रस्त्यापलीकडच्या हौदावरच्या बायकांनी माना वळवल्या एवढ्या मोठ्यानं.

"हौसाबाई ज्ञानदेव फडतरे."

मुलाणीभाऊंनी मान हलवली. भिंतीवर लिहिलं होतं, ज्ञानदेव रामचंद्र फडतरे. ते ब्रश घेऊन पुढं झाले आणि सगळीच ओळ लाल करायला निघाले.

"थांबा," मामंजी म्हणाले. काठी टेकत भिंतीजवळ गेले आणि काठीचं टोक मधल्या नावावर ठेवलं. "माझं पुसा. त्येचं ऱ्हाऊ द्या."

मुलाणीभाऊंनी रामचंद्र पुसलं आणि ज्ञानदेवच्या आधी जागा होती तिथं हौसाबाई लिहिलं. रंग वाळायच्या आधीच पलीकडच्या वस्तीवरचा एक म्हातारा टॉर्च घेऊन आला आणि दोन सेल मागू लागला. मी आत जाऊन ते घेऊन आले.